काहून विचारणारी

रजनी,

अमरावतीला तुझ्या वर्गात तुझ्या जागी उभी राहिले तेव्हा आधी तुझा रागच आला. रडू नंतर आलं, तेही बडनेऱ्याहून परतीच्या गाडीत बसल्यावर. माणसानं अर्ध्यावर सोडून जावं, पण इतक्या अर्ध्यावर? बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा वर्ग, ऑरगॅनिक केमिस्ट्री, अभिक्रिया आतून कशी घडते त्याचं, मेकॅनिझमचं प्रकरण. प्रोपीनच्या दुहेरी बंधाकडे हायड्रोजन निघालाय आणि अजून पोचलेला नाही, अशा जागी तुझा तास संपला. संध्याकाळी तुला ताप भरला. तो डेंग्यूचा निघाला, आणि पुढचा तास झालाच नाही.

वर्गात शिरताना मनात एक वेडी आशा होती की फळ्यावर तुझ्या अक्षरातलं काहीतरी उरलं असेल. काही उरलं नव्हतं. मधल्या दिवसांत त्या खोलीत भूगोलाचे तास झाले होते आणि फळ्यावर वाऱ्यांचे पट्टे काढलेले होते. मी ते पुसले. कुठवर झालंय म्हणून विचारलं, तर पुढच्या बाकावरची प्रणाली नावाची पोरगी उठून म्हणाली, "मॅडम इथवर आलत्या," आणि तिनं फळ्यापाशी येऊन बोटानं हवेतच प्रोपीन काढून दाखवलं. परतवाड्याहून रोज बसनं येते ती. तुला माहीत असणारच.

मी तिथे कशी पोचले तेही सांगते. तुझ्या प्राचार्यांचा मला अकोल्याला फोन आला. "तुम्ही त्यांच्या मैत्रीण. तेवढं युनिट दिवाळीच्या आधी उरकून द्या मॅडम, शनिवारी शनिवारी." तुझी जागा सध्या भरणार नाहीत, मुलंच कमी झालीत, पुढच्या वर्षी केमिस्ट्रीचा ग्रुप राहतो की नाही तेच सांगता येत नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. मी हो म्हटलं. लोकांना वाटतं तुझ्यावरच्या मायेनं म्हटलं. माया होतीच, पण खरं कारण तुला एकटीलाच कळेल. आपलं भांडण संपायचं राहिलं होतं. तू म्हणायचीस, कोणत्याही पोराला मेकॅनिझम समजतं, फक्त समजावणारं कोणी पाहिजे. मी म्हणायचे, समजतं ते थोड्यांना, बाकीच्यांना पाठ करू दे आणि पास होऊ दे. पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत आपण यावर भांडलो. तू नसताना एकदा तुझ्या पद्धतीनं तुझाच वर्ग शिकवून बघावा आणि काय तो निकाल लावून टाकावा, असं माझ्या मनात होतं.

बडनेऱ्याला तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला पुष्कळ माणसं आली होती. मीही पांढरी साडी नेसून सतरंजीवर बसले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग भाषणं सुरू झाली. शिस्तप्रिय, विद्यार्थीप्रिय, मनमिळाऊ. मनमिळाऊ! तुझ्या फोटोकडे बघून मला हसूच फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी लगबगीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तू कधी कोणाशी मिळतंजुळतं घेतलंस गं? स्टाफरूममध्ये तुझ्याशी बोलायला लोक बिचकायचे, कारण तू साध्या "आज उकडतंय" वरही कारण विचारायचीस.

जेवणं उरकल्यावर तुझ्या आईजवळ जाऊन बसले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. म्हणाल्या, "मंदा, तिनं लगन नाही केलं त्याचं मले काई नाई. पण तिचं ते शिकवणं कोणाच्या कामी आलं का वं? पोट्टे समोर हो हो करत अन् मांगं हासत. मले समदं माहीत हाय."

मी म्हटलं, "आई, खूप जणांच्या कामी आलं."

"एकाचं नाव सांग."

मला एक नाव सांगता आलं असतं, माझं स्वतःचं. पण तेवढ्यात यवतमाळचे कोणी पाहुणे निरोप घ्यायला आले आणि आई उठून उभ्या राहिल्या. त्यांना जे सांगायचं राहिलं ते आता तुलाच सांगते. तुलाही कधी सांगितलेलं नाही.

एम.एस्सी.ला अमरावतीच्या होस्टेलमध्ये आपण एका खोलीत आलो तेव्हा मी मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, घरातली पहिली शिकलेली मुलगी, त्यामुळे जरा फुगलेलीच. सगळ्या अभिक्रिया मला तोंडपाठ होत्या. पोरं पाढे म्हणतात तशी मी त्या म्हणायचे, यात हे टाकलं की ते मिळतं. हायड्रोजन कोणत्या कार्बनवर जाणार याचा नियमही पाठ होता, ज्याच्याजवळ आधीच जास्त हायड्रोजन त्यालाच आणखी एक. तू खाटेवर पाय दुमडून ऐकत होतीस. मी थांबल्यावर म्हणालीस, "काहून?"

मी म्हटलं, का म्हणजे काय, नियम आहे.

"नियम कोणं केला? त्या हायड्रोजनले माहीत हाय का तो नियम?"

मला तुझी अशी चीड आली की मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. बडनेऱ्याच्या शाळामास्तराची पोर, मला शहाणपण शिकवते म्हणजे काय!

मग तो रविवार आला. उन्हाळ्याचे दिवस होते, होस्टेलचा नळ सकाळपासून कोरडा. समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी त्यांच्या नळावरून पाइप टाकू दिला आणि आपण दोघी बादल्या घेऊन रस्ता ओलांडून गेलो. पाणी सुरू झालं तशी तू एकदम पाइपावर पाय दिलास आणि पाणी अडवून धरलंस.

"मंदे, सांग. पाणी कुठून निघालं?"

"काकूंच्या नळातून."

"अन् चालत कोण आलं?"

"आपण आलो. पाय काढ आधी."

"मंग कागदावर बाण काढायचा तर कुठून काढशीन? आपल्यापासून का नळापासून?"

तू पाय काढला नाहीस. "पाणी ज्याच्यापाशी हाय तिथूनच निघते. तहानलेला चालत येते, म्हणून तुले वाटते तोच समदं करून राहिला. हायड्रोजनपाशी काय हाय? रिकामी बादली. इलेक्ट्रॉन हायेत त्या दुहेरी बंधात. म्हणून बाण बंधापासून निघते अन् हायड्रोजनपाशी पोचते. तू आतापर्यंत उलटा काढत आली."

मी तसाच काढत आले होते. माझ्या कॉलेजात सगळेच तसा काढायचे, शिकवणारे सरसुद्धा.

मग तू पाय काढलास आणि बादली भरेपर्यंत पुढचं सांगितलंस. हायड्रोजनला इलेक्ट्रॉन दिले की बंधातल्या दोघा कार्बनपैकी एक कोरडा पडतो. कोणता कोरडा पडलेला चालेल? "ज्याले दोन्हीकून शेजारी हाय तो. दोघंबी त्याले थोडं थोडं देतात, तो निभावून नेते. टोकावरच्याले शेजारी एकच. तो कोरडा पडला तर खलासच. म्हणून हायड्रोजन टोकावरच्यावर बसते, मधला कोरडा राह्यते, अन् मंग हायड्रोजनसंगं आलेलं ब्रोमीन त्या मधल्याकडं येते. आता सांग, नियम कशाले पाहिजे तुले?"

बादली भरून रस्त्यावर ओहोळ वाहायला लागला आणि काकू गॅलरीतून ओरडल्या. तू माफी मागितलीस. मी मागितली नाही, कारण मी तिथे नव्हतेच. मी कितीतरी वर्षं केमिस्ट्री शिकत होते आणि अभिक्रियेच्या आडव्या बाणाच्या डावीकडे एक लिहायचं, उजवीकडे दुसरं लिहायचं, एवढंच मला माहीत होतं. मधे काहीतरी घडतं, आणि जे घडतं त्याला कारण असतं, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं. खोलीवर येऊन मी पाठ केलेल्या अभिक्रिया एकेक करून काढून बघितल्या. देणारा कोण, घेणारा कोण, कोरडा कोण पडला. एकामागून एक उलगडत गेल्या. मी जेवायला खाली गेले नाही. तू ताट झाकून वर आणलंस आणि म्हणालीस, "झालं का येड?"

झालं होतं. रजनी, इतका आनंद मला पुढे कशानंही झाला नाही. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा झाला नाही, लेकीच्या वेळी भीतीच जास्त होती. मी तुला त्या दिवशी "वरण गार झालंय" एवढंच म्हटलं.

मग इतकं मिळूनही मी उलट्या बाजूनं का भांडत राहिले, असं तू कितीदा विचारलंस. उत्तर मी दरवेळी चिडून दिलं, आज शांतपणे देते. मला ते रविवारी दुपारी मिळालं, वाहत्या पाण्याजवळ, एकीला एक अशी तू होतीस. माझ्या वर्गात ऐंशी पोरं बसतात. अर्ध्यांना बस गाठायची असते, काही सकाळी दूध घालून येतात, पोरी घरचा स्वयंपाक करून येतात. समजायला रिकामं डोकं लागतं आणि ते त्यांच्याजवळ नसतं. मला ते अन्यायाचं वाटायचं, त्यांच्यापुढे बाण नाचवणं. तुला ते न नाचवणं अन्यायाचं वाटायचं. दोघींनाही पोरांचीच कणव होती, म्हणून तर भांडण मिटेना.

तुझ्या बाजूनं तू कधीच एक पाऊल मागे आली नाहीस. ते झेरॉक्सचं दुकान आठव. तुझ्या कॉलेजसमोरचं. तिथे पहिल्या वर्षाच्या नोट्सचा एक गठ्ठा असायचा, कोणी लिहिला देव जाणे, पण सगळा वर्ग तोच घ्यायचा आणि त्यात बाण उलटा होता. हायड्रोजनपासून निघून बंधाकडे. तू वर्गात घसा कोरडा करून शिकवायचीस आणि पेपरात तो उलटा बाण यायचा. एकदा मी अमरावतीला आले होते तर मला घेऊन तू तडक दुकानात गेलीस आणि मूळ प्रत मागितलीस.

दुकानवाले भाऊ म्हणाले, "मॅडम, बाण इकून काढला काय अन् तिकून काढला काय, पोट्टे पास होतात न?"

झालं. तू काउंटरवर रद्दी कागद ओढलास आणि त्यांना शिकवायला सुरुवात केलीस. मागे पोरांची रांग लागली. मशीन गरम होऊन बसलं होतं, भाऊ घाम पुसत "हो मॅडम, हो मॅडम" करत होते. शेवटी त्यांनी हात जोडले, "घ्या बाप्पा, करा दुरुस्त. पण दुकान चालू द्या." तू पांढरी शाई लावून, फुंकर मारून, पानापानावरचा बाण फिरवलास. त्या वर्षी पोरांच्या पेपरात बाण सरळ आले. पुढच्या वर्षी त्यांनी नवीन गठ्ठा आणला, त्यात तो पुन्हा उलटा. तू पुन्हा गेलीस. दरवर्षी पोळा झाला की तुझी ही दुकानवारी ठरलेली, आणि मी अकोल्याहून फोनवर तुझी टिंगल करायची.

मागच्या एका शनिवारी मी त्या दुकानात गेले. भाऊंनी मला ओळखलं. म्हणाले, "यंदा मॅडम आल्याच नाई. म्या पांढरी शाई आणून ठेवलती." मला सांगावं लागलं. त्यांनी चालू मशीन थांबवलं. मला चहा मागवला. मग एका पोरानं "भाऊ, पहिल्या वर्षाच्या नोट्स" म्हटलं तसा त्यांनी गठ्ठा मशीनवर ठेवला. मी वाकून पान बघितलं. उलटाच होता. मी पांढरी शाई मागितली नाही आणि त्यांनीही मूळ प्रत पुढे केली नाही.

आणि तुझ्या त्या व्हायवा! प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तू आमच्या अकोल्याच्या कॉलेजला यायचीस. आपल्याकडे बाहेरचा परीक्षक म्हणजे जावई. आल्याबरोबर कचोरी, आलुबोंडा, चहा, मग गप्पा, मग पोरांना एकेक प्रश्न, नाव काय, गाव कोणतं, मीठ कोणतं निघालं, जा. सगळे पास, सगळे खूश. तू कचोरीला हात लावायची नाहीस. एकेका पोराला बसवायचीस आणि एकच अभिक्रिया काढायला लावून विचारायचीस, "काहून?" माझी पोरं तुला पाहून घामाघूम. एक पोरगी रडली, तर तू तिला रडू दिलंस, आपला रुमाल दिलास आणि मग पुन्हा विचारलंस, "आता सांग. काहून?" आमचे शिपाई भाऊराव मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या साली दुसरे परीक्षक बोलवा, हे बाई कचोरी वाया घालवते."

त्या दिवशी तुला स्टेशनवर सोडायला आले तेव्हा आपण बाकावर बसून भांडलो. मी म्हटलं, "ही पोरं पोलीस भरतीला पळतात, रजनी. नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेला बसतील. त्यांना हायड्रोजनचा बाण कशाला?"

तू म्हणालीस, "तलाठ्याले समजलं तर पाप लागते का?"

"पाप नाही लागत, वेळ जातो. त्यांच्याजवळ तेवढाच आहे."

"मंदे, ह्या पोट्ट्यायले जन्मभर लोक सांगणार हायेत, हे असं हाय, गपचूप लिहून घे. साहेब सांगीन, पुढारी सांगीन, नवरा सांगीन. एकदा तरी यायनं पाह्यलं पाहिजे का सांगितलेल्या गोष्टीच्या मांगं कारण असते, अन् ते आपल्याले विचारता येते. केमिस्ट्री गेली खड्ड्यात."

गाडी आली आणि तू चढलीस. मी खिडकीपाशी येऊन म्हटलं, "भाषण चांगलं होतं, पण माझी पोरं नापास केलीस." तू म्हणालीस, "पास केली समदी. मले फक्त विचाराचं होतं."

मग पेपर बदलला. आता आमच्या पहिल्या वर्षाला पर्याय असतात, चार गोल, एक काळा करायचा. काय मिळेल ते विचारतात, कसं मिळेल ते नाही. बाण काढायला कागदावर जागाच नाही. मला वाटलं, आता तरी तू थकशील. तू मला फोन करून म्हणालीस, "बरं झालं. आता पेपरासाठी शिकवायचं नाही. आता निव्वळ समजासाठी शिकवता येते." मला हसावं की तुझं डोकं तपासून घ्यावं ते कळेना. आपलं शेवटचं बोलणंही यावरच झालं. तुझा आवाज बसला होता, ताप होता. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तू म्हणालीस, जाते, आधी मला सांग, उत्तर बरोबर आणि समज नाही, तर त्या पोराला काय आलं? मी म्हटलं, मार्क आले. तू हसलीस, खोकलीस आणि म्हणालीस, बरी झाले की बघते तुझ्याकडे. डॉक्टरकडे तू दुसऱ्या दिवशी गेलीस. तोवर पेशी खाली गेल्या होत्या. मला याचा अजून राग आहे, आणि कोणावर काढावा ते समजत नाही.

तर मी तुझा वर्ग घेतला. तुझ्याच पद्धतीनं, अगदी इमानदारीनं. पाइप सांगितला, काकू सांगितल्या, रिकामी बादली सांगितली. पोरं हसली. अकोल्याच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावरून माझीच थट्टा झाली, आणि मला वाटलं, जमतंय. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे पेपरात येते का?" मी खोटं बोलले नाही. पुढच्या शनिवारी मागचे बाक रिकामे होते. त्याच्या पुढच्या शनिवारी मधलेही. त्यांना दोष नाही देत मी. सकाळचा क्लास, दुपारचं कॉलेज, संध्याकाळी मैदानावर पळणं, यात जे पेपरात येत नाही ते कुठे बसवणार? मी उरलेल्यांना शिकवत राहिले. तुझ्यासारखा "काहून" मला विचारता येत नाही गं. माझ्या तोंडून तो दम दिल्यासारखा वाटतो.

काल शेवटचा शनिवार होता. मी फळ्यावर नवा रेणू काढला, प्रोपीनपेक्षा एका कार्बननं मोठा, एका अंगाला फांदी फुटलेला, म्हणजे नोट्समधून उतरवता येऊ नये. आम्लातलं पाणी घातलं तर काय होईल विचारलं. प्रणाली उठली. तिनं खडू घेतला, उत्तर झरझर लिहिलं आणि ते बरोबर होतं. वर बाणही काढला. हायड्रोजनपासून, बंधाकडे.

मला काय वाटलं ते सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. तू ज्यांना शेवटच्या दिवसापर्यंत शिकवलंस त्यातली पुढच्या बाकावरची, मन लावून ऐकणारी पोरगी उलटा बाण काढते, म्हणजे माझं खरं होतं. समजतं थोड्यांनाच. मी खुर्चीतून उठले आणि तरीही, तुझी आठवण म्हणून, विचारलं, "प्रणाली, काहून?"

मग तिनं डस्टर घेतलं, फक्त बाण पुसला आणि दुहेरी बंधापासून हायड्रोजनकडे नवीन काढला. कोणता कार्बन कोरडा पडला ते दाखवलं. त्याला तीन शेजारी आहेत म्हणून तो निभावतो, म्हणाली. मग पाणी स्वतःची इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन त्या कार्बनकडे येतं तो बाण तिनं काढला, आणि शेवटी एक हायड्रोजन सुटून जातो तोही. हा शेवटचा मी शिकवलेला नव्हता. तूही तिथवर पोचली नव्हतीस. तो तिनं आपल्या डोक्यानं काढला होता.

मी विचारलं, "इतकं येतं तर आधी उलटा का काढलास?"

"समदे तसाच काढून राहिले, मॅडम. नोट्समधी तसाच हाय. अन् पेपरात तर बाणच नाई."

"पण तुला माहीत होतं ना?"

"मले येते न. रजनी मॅडम असत्या तर म्या उलटा काढलाच नसता. त्या विचारत. आता कोण विचारते?"

"मी विचारलं ना आत्ता."

ती अवघडली. मला दुखवायचं तिच्या मनात नव्हतं. खडूचे हात ओढणीला पुसत म्हणाली, "तुमचा तर आज शेवटचाच तास हाय न, मॅडम."

मी तिला बसायला सांगितलं. तास संपल्यावर खाली जाऊन प्राचार्यांना युनिट पूर्ण झाल्याचं कळवलं, त्यांनी आभार मानले, मी रिक्षानं स्टेशनला आले.

तू जिंकलीस, रजनी. समजतं. परतवाड्याहून बसनं येणाऱ्या, दमलेल्या पोरीला समजतं, आणि मला एकविसाव्या वर्षी जितकं समजलं त्याहून पुढचं समजतं. ते तिनं आता नीट घडी घालून बाजूला ठेवून दिलंय, आणि पुढच्या वर्षी तो वर्गही बहुतेक असायचा नाही. गाडीत मी हाच विचार करत होते. मी जिंकले असते तर निदान स्वतःला सांगता आलं असतं की तुझ्याबरोबर फारसं काही गेलं नाही.